तुझ्या कपाळावर माझं बोट

एस्तेर,

पाळकसाहेब काल घरी आले होते. चार जिने चढून आले, दम लागला होता, मी पाणी दिलं. म्हणाले, "गोदाबाई, रविवारी उपासना झाली की हॉलमध्ये बाईंची स्मरणसभा आहे. तुम्ही त्यांच्या जुन्या मैत्रीण. दोन शब्द लिहून आणा, तुम्हीच वाचा." मी म्हटलं, "दोन शब्दांत माझं भागणार नाही." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करते आहे.

तुझा जन्म कुठला, नगरकडून मुंबईला कधी आलीस, मिशनच्या शाळेत किती वर्षं शिकवलंस, ते सगळं दानीएलराव सांगतील. चर्चचे पंच आहेत, त्यांच्याकडे वहीत लिहिलेलं असतं. चर्चच्या फळ्यावरही त्यांनीच लिहिलंय, "प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या." निजलीस कसली. मेलीस. मी शेजारी बसले होते. निजलेलं माणूस आणि मेलेलं माणूस यातला फरक मला कळतो. नवरा, सासू, दोन पोरं, सगळ्यांना या हातांनी पाणी पाजून पोचवलंय. तू सहावी. नाही, पाचवी. आता मोजतानाही चुकते.

मला थकवा आलाय, एस्तेर. रडू येत नाही, नुसता थकवा येतो. पण एक गोष्ट गेली चार वर्षं गळ्यात अडकली आहे, ती त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर बोलायची राहिली आहे. तू मला बोलू दिलं नाहीस. "गप बस," म्हणालीस, आणि मला ते सोयीचं होतं म्हणून मी गप बसले. आता तू मला अडवू शकत नाहीस. तेव्हा रविवारी मी उभी राहून हे वाचणार आहे. मध्ये मध्ये अडखळेन. चौथी शिकलेली बाई, अडखळणारच.

आधी तुझी माझी ओळख कशी झाली ते सांगते, नाहीतर नव्या पाळकसाहेबांना कळायचं नाही.

गिरणीतून पहिली पाळी सुटली होती. मी तेव्हा सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होते. तुमच्या चर्चच्या मागच्या गल्लीतून घरी जात होते तर हॉलच्या खिडकीतून ओवी ऐकू आली. जात्यावरची ओवी, माझी आई म्हणायची तीच चाल. मी थांबले. चाल ओवीची, पण आत नाव येशूचं. मला गंमत वाटली. दाराशी जाऊन उभी राहिले. तू पेटीवर होतीस, तुझ्यामागे आठदहा बाया गात होत्या. गाणं संपलं तशी तू पेटीचा भाता दाबून धरून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बाई, बाहेर उभं राहून ऐकायला तिकीट लागतं. आत फुकट आहे."

मी म्हटलं, "मी हिंदू आहे."

"मग? कान पण हिंदू आहेत का?"

मी आत आले ते तुझ्या वाकड्या बोलण्यामुळे. टिकले मात्र दुसऱ्याच कारणाने. ते तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते.

बायका चटयांवर डाव्या बाजूला बसल्या होत्या. मी शेवटच्या चटईवर बसले आणि सवयीने पदर कपाळावर ओढला. मग बघितलं तर सगळ्यांचीच कपाळं मोकळी. म्हातारीचं मोकळं, नव्या नवरीचं मोकळं, गर्भारशीचं मोकळं. माझा नवरा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मी जिथे जाईन तिथे माझ्याआधी माझं कपाळ पोचायचं. चाळीत बारसं असो की हळद, बायका आधी कपाळ बघायच्या आणि मग ठरवायच्या मला कुठे बसवायचं. तुमच्या हॉलमध्ये शेजारच्या बाईने मला विचारलं, "मुलं किती?" मालक कधी गेले, असं विचारलं नाही. तिला ठाऊकच नव्हतं. मी खोटं काही बोलले नाही. नुसती बसून राहिले. पदर मागे सरकवला आणि दीड तास गाणी ऐकली.

तू समजत होतीस मला गाण्याची आवड आहे. आवड नंतर लागली. आधी मी त्या चटईसाठी येत होते.

मग दर वर्षी थंडीत तुमच्या गाण्यांचे तीन दिवस असायचे. पेटी, तबला, एक फिडल वाजवणारा. नाताळाच्या आधी नाटक. मेंढपाळ, राजे, देवदूत. तू मला प्रॉम्प्टर केलंस. मी म्हटलं, "मी बोट ठेवून वाचते, मला काय जमणार?" तू म्हणालीस, "म्हणूनच. जे भराभर वाचतात ते पुढे पळतात आणि नट मागे राहतो. तुझं बोट जिथे आहे तिथेच नाटक आहे." जोडाक्षरं तू मला विंगेत बसून पुन्हा शिकवलीस, छडी नव्हती एवढंच. एका नाताळात देवदूत आपलं वाक्य विसरला, मी आतून एवढ्या मोठ्याने सांगितलं की मेंढपाळ देवदूताला सोडून माझ्याकडे बघून गुडघे टेकून बसला. तू पेटीवर डोकं ठेवून हसत होतीस. दानीएलराव हसले नव्हते.

आता मुद्द्यावर येते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं ते वर्ष. गोळीबार झाला ते वर्ष. आमच्या मागच्या चाळीतल्या सुभद्रेचा नवरा त्यात गेला. मोर्च्यातही नव्हता, दूध आणायला गेला होता. सुभद्रा बावीस वर्षांची. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका म्हणायच्या, दगड झाली. गर्दी दिसली की पोलीस हाकलायचे, जमावबंदी उठली म्हणेस्तोवर परत लागायची. आमच्या चाळीचं नाट्यमंडळ दर वर्षी गल्लीत मांडव घालून नाटक करायचं, त्या वर्षी मांडवाला परवानगी नाही. बाबू परब, गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, त्यानेच नाटक लिहिलेलं आणि त्यानेच बसवलेलं. तो माझ्याकडे आला. "गोदामावशे, तुझ्या त्या बाईक इचार मगो. तेंच्या हॉलात करू."

त्यात आणखी एक घोटाळा. मंडळात बायकांची कामं करणारा आमचा तुकाराम सत्याग्रहात पकडला गेला होता. नाटकातली पाटलीण तुरुंगात. बाबू म्हणाला, मिशी काढून दुसरा कोणी उभा राहायला तयार नाही.

तू म्हणालीस, "मी करते."

मी म्हटलं, "तुझं वय काय, एस्तेर?"

"पाटलिणीचा मुलगा वीस वर्षांचा आहे. म्हणजे मी शोभते. आणि मिशी काढायची गरज नाही."

पंचांची बैठक झाली. दानीएलरावांनी तीन अटी घातल्या. हॉलमध्ये घोषणा द्यायची नाही. नारळ, पूजा, नांदी काही आत करायची नाही. आणि आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाईच्या कपाळाला कुंकू लावायचं नाही, नाटकात का असेना. पहिल्या दोन अटी बाबूने लगेच मानल्या. नारळ फाटकाबाहेर फुटपाथवर फोडायचा, नांदी तिथेच उभ्याने म्हणायची, मग आत यायचं आणि पाळकांनी प्रार्थना करायची, असं ठरलं. तू म्हणालीस, "चांगलं आहे. देवाला दोन्ही बाजूंनी कळेल."

तिसरी अट अडली. त्या नाटकात सगळं कुंकवावरच होतं. पाटील गडावर लढायला गेलेला. तिसऱ्या अंकात त्याचं पागोटं घेऊन माणूस परत येतो. पाटलीण एक शब्द बोलत नाही, हात वर नेते आणि कपाळाचं कुंकू पुसते. एवढंच. मग पडदा. बाबूने त्याच्यासाठी अख्खं नाटक लिहिलं होतं.

तू म्हणालीस, "मी नुसता हात फिरवीन. लोक समजतात."

तालमीला तू हात फिरवायचीस. मी वही धरून बसायचे आणि मला बघवायचं नाही. बाबूने कपाळाला हात लावला. "अगो मावशे, बाईन रिकाम्या कपाळार हात फिरवल्यान तर लोक हसतले."

मी तुला स्पष्टच सांगितलं, "असं वाटतं, बाईचं डोकं दुखतंय आणि ती बाम शोधतेय."

तू रागावलीस. "मी शब्द दिलाय, गोदा. दानीएलरावांना नाही, मंडळीला दिलाय."

"मग हे काम घेऊ नकोस."

"मग नाटक होणार नाही."

तिथेच ते थांबलं. तुझं आणि माझं भांडण नेहमी असंच थांबायचं, दोघींचं खरं असायचं म्हणून.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला होता. तुमची मंडळी पुढे बाकांवर, आमची चाळ मागे आणि कडेला, खिडक्यांत पण माणसं. सुभद्रेला तिच्या जावेने हाताला धरून आणलं होतं, तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. फुटपाथवर नारळ फुटला, नांदी झाली. बाबूने पूजेचं ताट कुठे ठेवायचं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, दे इकडे, आणि पदराखाली लपवून रंगपटात आणून ट्रंकेमागे ठेवलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. हे खरं सांगते. रस्त्यावर ठेवलं असतं तर कुत्र्यांनी खोबरं नेलं असतं.

पहिली घंटा झाली. तुला मी नऊवारी नेसवली होती, नथ घातली, बांगड्या भरल्या. तोंडाला पावडर लावायची म्हणून तू डोळे मिटलेस. एवढं सगळं लेणं आणि मध्ये ते कपाळ, पांढरं, मोकळं. तुझं नाही, माझंच कपाळ बघतेय असं वाटलं. दुसरी घंटा झाली. मी रंगाच्या डबीतलं मेण बोटावर घेतलं, करंगळीशेजारच्या बोटावर, आणि तुझ्या कपाळाला टेकवलं. मग ट्रंकेमागे हात घातला, ताटातलं कुंकू त्याच बोटावर घेतलं आणि लावलं. पंधरा वर्षांनी कुंकवात बोट बुडवलं होतं. गोल बरोबर आला. बोट विसरलं नव्हतं.

तू डोळे उघडलेस. आरसा तिथे नव्हता, पण तुला कळलं. तू माझ्या बोटाकडे बघितलंस. ते लाल होतं. तिसरी घंटा झाली आणि तू गेलीस.

पहिल्या प्रवेशातच दानीएलरावांनी मान वर केली. मी विंगेतून बघत होते. ते उठले नाहीत, पण पाय हलवायला लागले.

तिसऱ्या अंकात पागोटं आलं. तू हात वर नेलास आणि पुसलंस. मेणातलं कुंकू ते, एका हाताने जातंय कुठे. कपाळभर पसरलं, भुवईवर आलं. तू हात खाली घेतलास आणि तळवा लाल झालेला तुला दिसला. तालमीत कधी तो लाल झालेला नव्हता. तू त्या तळव्याकडे बघत राहिलीस. पडद्याच्या माणसाला तुझ्या खुणेवर पडदा सोडायचा होता, तू खूणच केली नाहीस. मी वहीवर बोट ठेवून बसले होते आणि पुढे सांगायला एक अक्षर नव्हतं.

घोषणा द्यायची नाही अशी अट होती. कोणी दिली नाही. तिसऱ्या रांगेतून आवाज आला तो सुभद्रेचा. आधी मला वाटलं पोर किंचाळलं. तिला चौघींनी धरून बाहेर नेलं, ती रडत होती, गोळीबारानंतर पहिल्यांदा. फुटपाथवर बसून रडत होती आणि तिचा आवाज आत येत होता. पडदा मीच ओरडून पाडायला लावला.

आठ दिवसांनी पंच बसले. तुला बोलावलं, मला पण बोलावलं, कारण रंगपटात मी होते. तू आधी आत गेलीस. दार उघडं होतं, मी बाहेर बाकावर. दानीएलरावांनी विचारलं, "बाई, कुंकू कोणी लावलं?"

"मी."

"तुमच्या हाताने?"

"माझ्या हाताने."

"कुंकू आलं कुठून?"

"बाहेर पूजेचं ताट होतं. मी घेतलं."

मला आत बोलावलंच नाही. मी बाकावर बसून राहिले. माझं बोट माझ्या पदरात होतं. उठून आत जायला चार पावलं होती. मी मोजली. उठले नाही.

वर्षभर तुला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. भाकर आणि द्राक्षरसाचं ताट तुझ्यापर्यंत यायचं आणि तुझ्यावरून पुढे जायचं. पेटी पण काढून घेतली. आमच्याकडे वाळीत टाकतात तसंच, फक्त तुमच्याकडे बाकावर बसू देतात. तू शेवटच्या बाकावर बसायला लागलीस, दाराशी.

त्या दिवशी बैठकीतून बाहेर आलीस तेव्हा मी म्हटलं, "मी आत जाऊन सांगते."

तू म्हणालीस, "गप बस. बाहेरच्या बाईने लावलं म्हणून कळलं तर हॉल चाळीला कायमचा बंद होईल. मी लावलं तर फक्त मी बंद होते."

हे तुझं कारण. चांगलं होतं, आणि पुढे खरंही ठरलं. दुसऱ्या वर्षी बाबूचं नाटक त्याच हॉलमध्ये झालं. माझं कारण वेगळं होतं आणि ते तुझ्याइतकं चांगलं नव्हतं. माझ्या सुनेला तेव्हा चौथा महिना होता. त्याआधी दोनदा पोट पडलं होतं. रांडाव सासूने पूजेच्या कुंकवात बोट बुडवून दुसरीच्या कपाळाला लावलं, हे चाळीत कळलं असतं आणि तिसऱ्यांदा काही झालं असतं, तर ते माझ्या बोटावर आलं असतं. सून बोलली असती. सून बोलली नसती तर मुलगा बोलला असता. मी हॉलसाठी गप नव्हते, एस्तेर. मी घराला घाबरून गप होते. तू माझी बाजू घेऊन मला हॉलचं कारण दिलंस आणि मी ते पांघरून बसले.

नातू झाला. धडधाकट आहे. साडेतीन वर्षांचा आहे, पेटी दिसली की तिच्यावर चढतो. म्हणजे कुंकवाने काही झालं नाही. पण मी तेव्हाही बोलले नाही.

त्या वर्षात मी दर रविवारी तुझ्या शेजारी येऊन बसायचे. पुढे पेटीवर शाळेतली नवी मुलगी. ती भाता असा ओढायची की जणू स्टो पेटवतेय. गाणं सुरू झालं की तुझी बोटं मांडीवर चालायची, लुगड्यावर. मी बघायचे. एकदा म्हटलं, "काय वाजवतेस?" म्हणालीस, "ती जे चुकतेय ते." वर्ष संपलं, तुला पेटी परत मिळाली. पण तोवर तुझे सांधे धरले होते. एक वर्ष न चाललेली बोटं, साठीला टेकलेली. तू दोन गाणी वाजवलीस आणि उठलीस. "आता पोरीलाच वाजवू दे," म्हणालीस, "सुधारतेय." ती सुधारत नव्हती.

लोक म्हणतात, संधिवात होता, वयाचा होता. असेल. मी डॉक्टर नाही. पण मी ती बोटं आधी बघितली होती आणि नंतर बघितली.

आपलं भांडण मात्र कुंकवावरून नव्हतं, पंचांवरूनही नव्हतं. सुभद्रेवरून होतं. तू शेवटपर्यंत म्हणायचीस, "मला शिक्षा मंडळीसाठी नको होती, त्या पोरीसाठी हवी होती. तिच्यासमोर मी तो लाल हात धरून उभी राहिले. नुसता मोकळा हात फिरवला असता तर तिला नाटक दिसलं असतं. तिला तिचं घर दिसलं."

मी म्हणायचे, "रडली ना? नाहीतर दगड होऊन मेली असती."

"तिने रडावं की नाही हे ठरवणारी तू कोण?"

"आणि ठरवणारी तू कोण, की तिने नाटकच बघावं?"

मग चहा यायचा. कप ठेवला की परत तेच. मी शेवटी म्हणायचे, "एवढं होतं तर जायच्या आधी पुसायचं होतंस."

"घंटा झाली होती."

"पुसायला किती वेळ लागतो?"

त्याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस. आजाराच्या शेवटच्या आठवड्यात मी ठरवून आले होते विचारायला. तुला दम लागत होता, बोलणं तुटत होतं. मी खुर्ची ओढली, म्हटलं, "एस्तेर, एक विचारायचंय." तू म्हणालीस, "माहीत आहे. उद्या." दुसऱ्या दिवशी तू कोणाला ओळखत नव्हतीस. मला पण नाही. माझा हात हातात घेऊन तू त्याच्यावर बोटं चालवत होतीस. मी ओळखायचा प्रयत्न केला कुठलं गाणं आहे. कळलं नाही.

शिवडीला तुला नेलं तेव्हा सगळी चाळ आली होती. बाबू परब आला, तुकाराम आला, तो केव्हाच सुटून आलाय, आता मिशी ठेवलीय. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा गल्लीत दिवे लावले होते, चार महिन्यांपूर्वी, तेव्हा तू खिडकीतून बघत होतीस आणि म्हणालीस, "चला, हे एक संपलं." मला तेव्हा वाटलं होतं आपण म्हाताऱ्या आता नुसत्या बसून राहणार, काम संपलं. तसं झालं नाही. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मी तुझं कपाळ बघितलं. स्वच्छ होतं. आमच्यात बाई गेली की बायका भोवती जमतात आणि आधी तेच बघतात, कपाळाला काय आहे. तुमच्यात कोणी बघत नव्हतं. मी एकटीच बघत होते. जन्मात एकदाच तुझ्या कपाळाला कुंकू लागलं, आणि ते माझ्यासारखीच्या हातचं.

सुभद्रा पण आली होती. आता गिरणीत आहे, माझ्याच जुन्या खात्यात. मूठमाती देऊन परत येताना मी तिला गाठलं. म्हटलं, "सुभद्रे, ते बाईंचं नाटक. त्या दिवशी तुला तिथे आणायला नको होतं, की बरं झालं?"

ती म्हणाली, "कुठलं नाटक मावशी?"

"पागोटं येतं ते. तू रडलीस."

"आठवत नाही," म्हणाली, आणि पुढे गेली.

चार वर्षं आपण दोघी जिच्यावरून भांडलो तिला आठवत नाही, एस्तेर. मला तिथेच रस्त्यात हसायला आलं. मग वाटलं, खोटं बोलतेय. मग वाटलं, बोलू दे. तुलाही एकदा खोटं बोलावंसं वाटलं होतंच.

आता शेवटचं. हे कागद बाजूला ठेवून मी ते दानीएलरावांकडे बघून बोलेन. ते पुढच्या बाकावर असतील. दानीएलराव, तुम्ही चार वर्षांपूर्वी विचारलं होतं, कुंकू कोणी लावलं. मी लावलं. या बोटाने. बाईंनी शब्द मोडला नव्हता, मी तो मोडला आणि त्यांनी आपल्या अंगावर घेतला. त्या तुमच्यासमोर खोटं बोलल्या, एवढं एकच त्यांच्या वहीत लिहा, आणि कोणासाठी बोलल्या तेही लिहा. मागे माझी सून बसली असेल, तिने पण ऐकावं. घरी गेल्यावर काय म्हणायचं ते म्हण, बाई. पोर चांगलं आहे.

तू रागावशील. आधीच एक गुन्हा होता, त्यात हा दुसरा कशाला, म्हणशील. म्हण. तुझं खोटं मी उघडं पाडतेय हे मला कळतं. पण तुझं खोटं वर्षभर माझ्या शेजारी बाकावर बसून होतं, आता त्याला उठवते.

आणि पुसायला किती वेळ लागतो, हे मी स्वतःच्या कपाळावर करून बघितलं. परवा, घरात कोणी नव्हतं तेव्हा. सुनेच्या करंड्यातलं मेण आणि कुंकू घेतलं, लावलं, आणि पदराने पुसलं. श्वास घेण्याएवढा पण वेळ लागत नाही. तुला भरपूर वेळ होता, एस्तेर. घंटेनंतर सुद्धा. तू ते राहू दिलंस. म्हणजे अर्धं तुझं होतं. हे मला कळलं, आणि बरं वाटलं, आणि मग विचारायला कोणी नव्हतं.

वाचून झालं की मी जाऊन शेवटच्या बाकावर बसेन, तुझ्या जागेवर. पंचांनी उठवलं तर उठेन. हॉलमधून बाहेर काढलं तर दाराबाहेर उभी राहून ऐकीन. बाहेर उभं राहून ऐकायला तिकीट लागतं ना? माझं तू काढून ठेवलेलं आहेस. चार वर्षांपूर्वीच, पंचांसमोर.

तुझी
गोदा